शेवटच्या घराची भिंत

ग्रिम्सबीत आमच्या गल्लीच्या टोकाला
बिनखिडकीची एक भिंत आहे.
लाल विटा. खालून तिसऱ्या ओळीत एकच पांढरी,
कुणी बसवली, का बसवली, ठाऊक नाही.
मी तिच्याशी पास खेळते.
द्यावा तसा परत येतो चेंडू,
भिंत हातचं राखून काही ठेवत नाही.

कोच डेनीसला 'वैदर्भी' म्हणता येत नाही.
ती मला 'वेडी' म्हणते.
मैदानभर हाळी: "वेडी, मान वळव!
वेडी, मागे कोण आहे बघ!"
रेषेबाहेर बाबांच्या नाकातून चहा येतो.
तिला अर्थ सांगायचा नाही, असं आमचं ठरलंय.

डेनीस म्हणते, मिडफिल्डरला
चेंडू पायाशी यायच्या आधी कळायला हवं
तो कुणाकडे निघालाय.
आणि डावा पाय देवाने
नुसता टेकू म्हणून दिलेला नाही.
माझा उजवा मात्र जन्मापासून लाडावलेला.
नव्या घरात शिरताना आईने
तोच आधी टाकायला लावला होता.

म्हणून रोज शाळा सुटली की दोनशे.
शंभर उजव्याने, शंभर डाव्याने,
पांढरी वीट, पांढरी वीट,
पांढरी वीट, कचऱ्याचा डबा,
पांढरी वीट.

दुसऱ्या आठवड्यात भिंतीने आतून ठोकलं.
ठक ठक.
चेंडू काखोटीला मारून मी पळाले.
दोन दिवसांनी दारातच उभे होते मिस्टर कथबर्ट,
उभा जन्म बंदरावर मासळीच्या पेट्या मोजलेले,
डोळ्यांत आता फक्त उजेड आणि सावली.
वाटलं, बसणार बोलणी.
म्हणाले, "तुझा डावा उशिरा येतो."
"तुम्हाला दिसतं?"
"ऐकू येतं. उजव्याला कपाट गप्प असतं.
डावा लागला की आत एक कप किणकिणतो."

मग काठीची भाषा ठरली.
एक ठोका: बरा. दोन: पुन्हा.
सबंध हिवाळा. चार वाजताच काळोख,
दिव्याखालच्या पिवळ्या डबक्यात मी,
समुद्राकडून आडवा येणारा पाऊस,
मोजे पिळले तर बादली भरेल,
आणि आतून ठक ठक, ठक ठक.
एकदा वैतागून मराठीतच ओरडले,
"आजोबा, तुम्ही मारून दाखवा की!"
आतून तीन ठोके आले.
त्यांचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मार्चमध्ये स्कनथॉर्पच्या मुलींशी सामना.
मान वळवली. मागे कुणी नाही.
डाव्या कडेने फ्रेया सुटलेली,
आणि मी विचार करायच्या आत
डाव्या पायाने चेंडू धाडला होता,
दोघींच्या मधून, सरळ, जणू तिकडे
एक पांढरी वीटच धावत होती.
तो फ्रेयाच्या नडगीला लागून बाहेर गेला.
टाळी नाही, काही नाही. थ्रो-इन.
"जड होता गं," ती धापा टाकत म्हणाली.

एप्रिलात कथबर्ट लेकीकडे क्लीथॉर्प्सला गेले.
कप वर्तमानपत्रात गुंडाळायला मी होते.
किणकिणायचा तो कुठला, विचारलं.
त्यांनाही माहीत नव्हतं.

आता तिथे लाटव्हियाहून आलेली एल्झा राहते,
आणि तिचा दीड महिन्यांचा रुडिस.
पाळणा नेमका भिंतीला लागून.
"खेळ," ती दारात कुजबुजली, "पण…"
तो 'पण' घेऊन मी घरी आले.
रात्रभर माझ्या पायांत तो वळवळत होता.

तर सध्या असं चाललंय:
सहा पावलांवरून, बुटाच्या आतल्या कडेने,
चेंडू असा सोडायचा
की त्याने विटेपर्यंत पोचावं, टेकावं,
आणि परत फिरायचंही त्याच्या मनात येऊ नये.
दर वेळी मीच जाऊन आणते.
पहिल्या दिवशी बाळ तीनदा उठलं.
काल एकदाच.

आज पास टेकला की मी विटांना कान लावते.
आत कपाट नाही, काठी नाही.
झोपेतला एक बारीक उसासा, बस.
हा एक ठोका धरायला हरकत नाही.

डाव्याचे अजून चाळीस बाकी आहेत.